काउन्सिलविरुद्ध ऑम्बुड्समनकडे जावं का? इंग्लंडमधल्या एका फुकट सेवेचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या (स्थानिक प्रशासनाविरुद्धच्या) तक्रारी स्वतंत्रपणे तपासणारी यंत्रणा, ही सेवा वापरण्यासारखी आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि कागद जागेवर असतील तर काउन्सिलला उत्तर द्यायला भाग पाडण्याची ताकद तिच्यात आहे. पण ती संथ आहे, आणि येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा ती सविस्तर तपासाला न घेताच परत पाठवते. परत गेलेल्यांमध्ये गाऱ्हाणं खरं असूनही मांडणी चुकलेले लोक बरेच असतात. म्हणून हे परीक्षण सेवेचं जितकं आहे तितकंच ती वापरण्याच्या पद्धतीचंही आहे.

लोकल गव्हर्नमेंट ॲक्ट १९७४ या कायद्याने ही यंत्रणा उभी राहिली. सुरुवातीला तक्रार नगरसेवकामार्फतच पाठवावी लागे. १९८८ नंतर नागरिकाला थेट जाता येऊ लागलं. नावात ‘सोशल केअर’ २०१७ साली आलं, कारण खासगी केअर होम आणि घरी येणाऱ्या केअर एजन्सीही तिच्या कक्षेत आहेत, अगदी पैसे तुम्ही स्वतः भरत असलात तरी. कक्षा इंग्लंडपुरती. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे ऑम्बुड्समन वेगळे. आणि पॅरिश किंवा टाउन काउन्सिल, म्हणजे गावपातळीवरच्या छोट्या काउन्सिलविरुद्धची तक्रार इथे साधारणपणे चालत नाही, हे गावाकडे राहणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावं. तिथे खेळाचं मैदान एकाकडे आणि कचरा दुसऱ्याकडे असा प्रकार असतो.

निर्णय नव्हे, निर्णयाची रीत

या सेवेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हे अपिलाचं कोर्ट आहे. ते नाही. काउन्सिलने नियम पाळून, सगळी माहिती विचारात घेऊन, कारणं देऊन तुमच्या मनाविरुद्ध निर्णय दिला असेल तर ऑम्बुड्समन त्याला हात लावत नाही. कायद्यानेच तशी मर्यादा घातली आहे. तो शोधतो दोन गोष्टी: काउन्सिलच्या कामात दोष होता का, आणि त्या दोषामुळे तक्रारदाराचं नुकसान झालं का. दोन्ही हव्यात. दोष आहे पण कुणाचं काही बिघडलं नाही, किंवा त्रास खूप झाला पण दोष सापडत नाही, या दोन्ही ठिकाणी फाइल बंद होते.

ब्ल्यू बॅजचं, म्हणजे चालायला त्रास असलेल्यांना मिळणाऱ्या पार्किंग-सवलतीच्या परवान्याचं, उदाहरण घ्या. बॅज नाकारला तर त्याविरुद्ध ट्रायब्युनल (अपील ऐकणारं न्यायाधिकरण) नाही, त्यामुळे काउन्सिलकडे फेरविचार मागून झाला की ऑम्बुड्समन हेच दार उरतं. ‘आईला चालता येत नाही, सगळ्यांना दिसतंय, तरी बॅज नाकारला’ अशी तक्रार तिथे टिकत नाही. त्याऐवजी असं लिहिलं की काम होतं: अर्जासोबत फिजिओथेरपिस्टचं पत्र जोडलं होतं, असेसमेंटच्या अहवालात त्याचा उल्लेखच नाही, चालताना धाप लागते हे सांगूनही त्याबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही, आणि नकाराच्या पत्रात फक्त ‘निकष पूर्ण होत नाहीत’ एवढं वाक्य आहे. यातला प्रत्येक मुद्दा कागदावर तपासता येतो. यश आलं तरी ऑम्बुड्समन बॅज देणार नाही. नव्याने, बहुधा दुसऱ्या व्यक्तीकडून, असेसमेंट करा असं सांगेल. ज्यांना हे आधी ठाऊक नसतं ते जिंकूनही नाराज होतात.

आधी काउन्सिलच्या पायऱ्या

ऑम्बुड्समनकडे थेट गेलात तर ‘अजून वेळ झालेली नाही’ म्हणून परत पाठवतील. आधी काउन्सिलची स्वतःची तक्रार प्रक्रिया संपवावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑम्बुड्समनने काउन्सिलांसाठी तक्रार हाताळणीची संहिता काढली, ती दोन पायऱ्यांची आहे: तक्रारीची पोच ५ कामाच्या दिवसांत, पहिल्या पायरीचं उत्तर त्यापुढच्या १० दिवसांत, दुसऱ्या पायरीचं २० दिवसांत. गुंतागुंतीच्या प्रकरणात मुदत वाढवता येते, पण तसं कळवावं लागतं. ही संहिता म्हणजे मार्गदर्शन आहे, कायद्याचं बंधन नाही. तरी पत्रात तिचा उल्लेख केला की चालढकल कमी होते. मुलांच्या सोशल केअरच्या बऱ्याच तक्रारींना मात्र कायद्याने ठरवलेली तीन पायऱ्यांची वेगळी प्रक्रिया आहे. तिच्यातल्या दुसऱ्या पायरीवर स्वतंत्र व्यक्तीच्या देखरेखीखाली चौकशी होते आणि तिची कमाल मुदत ६५ कामाचे दिवस. काउन्सिल ही पायरी गाळून ‘थेट ऑम्बुड्समनकडे जा’ म्हणत असेल तर तो स्वतंत्र दोष धरला जातो.

इथे एक चूक सर्रास होते. कॉल सेंटरला पाच वेळा फोन केला म्हणजे तक्रार झाली असं लोक धरून चालतात. काउन्सिलच्या लेखी ती ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’ असते: खड्डा आहे, कचऱ्याचा बिन उचलला नाही, दिवा बंद आहे. त्यावर काम झालं नाही आणि तुम्ही त्याबद्दल असमाधान कळवलंत की ती तक्रार. म्हणून ईमेलच्या विषयातच ‘फॉर्मल कम्प्लेंट, स्टेज वन’ लिहावं आणि संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. उत्तर पटलं नाही तर त्याच क्रमांकावर स्टेज टू मागावी. शेवटच्या पत्रात ऑम्बुड्समनकडे जाण्याचा हक्क लिहिलेला असायला हवा. नसेल तर ‘हे अंतिम उत्तर आहे का’ एवढं एका ओळीत विचारा. काउन्सिल ताकास तूर लागू देत नसेल तर कायमचं थांबायची गरज नाही. साधारण १२ आठवडे ही ऑम्बुड्समनच्या दृष्टीने पुरेशी संधी. त्यानंतरही उत्तर नसेल तर तसं लिहून फॉर्म भरता येतो.

दुसरीकडे १२ महिन्यांची मुदत चालू असते. ती मोजायची तुम्हाला प्रश्नाची कल्पना आल्यापासून, काउन्सिलचं शेवटचं पत्र आल्यापासून नव्हे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण पत्रव्यवहार चालू आहे एवढ्या भरवशावर बसू नये.

कुठे जाऊन उपयोग नाही

ज्या निर्णयावर ट्रायब्युनल, मंत्री किंवा कोर्टाकडे दाद मागता येते, तिथे ऑम्बुड्समन सहसा हात वर करतो. पार्किंगचा दंड ट्रायब्युनलकडे. हाउसिंग बेनिफिट फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे. काउन्सिल टॅक्स भरायचा की नाही, सूट मिळते की नाही हे व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे. स्वतःच्या बांधकामाची परवानगी नाकारली तर प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट. बेघर म्हणून केलेल्या अर्जावरच्या निर्णयाचा फेरविचार २१ दिवसांत काउन्सिलकडेच मागायचा आणि मग काउंटी कोर्ट. काउन्सिलच्या भाड्याच्या घरात ओल आली, बॉयलर दुरुस्त होत नाही, ही तक्रार एप्रिल २०१३ पासून हाउसिंग ऑम्बुड्समनकडे जाते. पण घराच्या प्रतीक्षा यादीत चुकीचा बँड (प्राधान्यगट) दिला तर इकडे. माहिती दिली नाही तर इन्फर्मेशन कमिशनर. नोकरीचे वाद, बहुतेक शाळांचा अंतर्गत कारभार, आणि गावातल्या झाडून सगळ्यांना सारखाच लागू पडणारा प्रश्न, उदाहरणार्थ काउन्सिल टॅक्स वाढवला, हेही बाहेर.

यातला खरा धोका मुदतीचा. ऑम्बुड्समनच्या उत्तराची वाट पाहताना ट्रायब्युनलची तारीख निघून जाते, आणि मग दोन्हीकडून हात रिकामे. अपिलाचा हक्क असेल तर तो आधी बजावावा, ऑम्बुड्समनचं नंतर बघता येतं.

शेजाऱ्याच्या बांधकामाचं प्रकरण उलट आहे. शेजाऱ्याला मिळालेल्या परवानगीवर तुम्हाला अपील नाही, म्हणून अशा तक्रारी इथे भरपूर येतात. आणि भरपूर पडतात. कारण ऑम्बुड्समन परवानगी रद्द करू शकत नाही. तो प्लॅनिंग अधिकाऱ्याचा अहवाल उघडतो आणि पाहतो: तुमच्या खिडकीवर पडणाऱ्या सावलीचा, उजेडाचा, एकांताचा विचार त्यात आहे का? तुमची हरकत नोंदली का? नकाशातली अंतरं बरोबर आहेत का? अहवालात दोन ओळींत जरी योग्य विचार केलेला दिसला तरी तक्रार संपली. दोष सापडला तरी पुढचा प्रश्न असतोच की दोष नसता तर निर्णय वेगळा आला असता का. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’. मग हाती येते माफी, फार तर थोडी रक्कम. आपल्या हरकतीत काय म्हटलं होतं आणि अहवालात काय आलं, हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवता येत नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

फॉर्म भरताना

ऑनलाइन फॉर्म साधा आहे. फोनवरही मदत मिळते आणि अपंगत्वामुळे काही सोय हवी असेल तर ती मागता येते. दुसऱ्यासाठी तक्रार करत असाल, म्हणजे आईवडिलांसाठी वगैरे, तर त्यांची संमती लागते. फॉर्ममध्ये तीन गोष्टी वजनदार ठरतात: काउन्सिलने काय करायला हवं होतं, काय केलं, आणि त्यामुळे तुमचं नेमकं काय बिघडलं. तिसऱ्या प्रश्नाला लोक ‘प्रचंड मनस्ताप’ लिहून मोकळे होतात. किती महिने, कुठली सेवा, खिशातून किती पौंड गेले, मुलाच्या शाळेचे किती आठवडे बुडाले, हे लिहा. पावत्या जोडा. सोबत एक पानी घटनाक्रम द्या: तारीख, काय घडलं, पुराव्याचा क्रमांक. शेकडो ईमेल एकगठ्ठा चिकटवू नका. काउन्सिलची फाइल तपासनीस स्वतः मागवून घेतो. आणि ‘काय व्हावं असं वाटतं’ या रकान्यात अधिकाऱ्याला नोकरीवरून काढा असं लिहू नये. तो अधिकार इथे नाही, आणि भ्रष्टाचाराची चौकशी करणारं हे खातंही नव्हे.

तक्रार गेली की आधी ती अधिकारकक्षेत बसते का ते पाहिलं जातं, मग ‘असेसमेंट’. तिथे प्रश्न विचारला जातो की सरकारी पैसा आणि वेळ खर्चून तपास करण्याइतकं नुकसान झालं आहे का, दोष सापडण्याची शक्यता आहे का, तपासाने काही साध्य होणार का. या चाळणीबद्दलच लोक सर्वांत जास्त चिडतात, आणि ती कडक आहेच. एका आठवड्यात बिन राहिला, एका अधिकाऱ्याने उर्मट उत्तर दिलं, यावर तपास होत नाही.

पण बिनच्याच तक्रारीचं दुसरं रूप बघा. म्हाताऱ्या किंवा अपंग रहिवाशाला ‘असिस्टेड कलेक्शन’ मंजूर असतं. म्हणजे कर्मचाऱ्यांनी अंगणातून बिन न्यायचा आणि रिकामा करून जागेवर आणून ठेवायचा. तो महिनोन्महिने दर दोन आठवड्यांनी राहतो, आणि दर वेळी गाडीच्या नोंदीत लिहिलेलं असतं ‘बिन बाहेर ठेवला नव्हता’. असिस्टेड कलेक्शनमध्ये रहिवाशाने बिन बाहेर ठेवायचाच नसतो, म्हणजे ती नोंद हीच काउन्सिलविरुद्धचा पुरावा ठरते. घराचा पत्ता त्या फेरीच्या यादीत असिस्टेड म्हणून चढलेलाच नाही, किंवा बदली कर्मचाऱ्यांपर्यंत पोचत नाही, हे सहसा मूळ कारण असतं. तपासनीस तुमच्या तक्रारींच्या तारखा, गाडीच्या नोंदी आणि काउन्सिलने कंत्राटदारावर काय देखरेख ठेवली ते मागवतो. ‘ते कंत्राटदाराचं काम’ ही सबब चालत नाही. कंत्राटदाराचा दोष तो काउन्सिलचा दोष. अशा तक्रारी करणाऱ्याने प्रत्येक चुकलेली फेरी त्याच दिवशी ऑनलाइन नोंदवलेली असावी. आठवणीतून सांगितलेल्या ‘नेहमीच चुकतं’ला किंमत नाही.

तपास सुरू झाला की एका तपासनीसाकडे फाइल जाते. साक्षीदार आणि कागदपत्रं मागवण्याच्या बाबतीत ऑम्बुड्समनला हायकोर्टासारखे अधिकार आहेत, त्यामुळे तुम्हाला वर्षभर न मिळालेली टिपणं त्याला मिळतात. पुराव्याचं माप दिवाणी दाव्यासारखं: जास्त शक्यता कुठल्या बाजूला आहे. मग निर्णयाचा मसुदा दोन्ही बाजूंना येतो. हा टप्पा सोन्याचा आहे आणि लोक तो रागाच्या भरात वाया घालवतात. मसुद्याला उत्तर देताना परिच्छेद क्रमांक द्या, तथ्य चुकलं असेल तर पुरावा दाखवा, विचारातून राहिलेला मुद्दा सांगा. ‘तुम्ही काउन्सिलला सामील आहात’ या वाक्याने आजवर कुठला मसुदा बदलला असेल असं वाटत नाही.

पदरात काय पडतं

सविस्तर तपास झालेल्या तक्रारींत तक्रारदाराच्या बाजूने दोष सापडण्याचं प्रमाण २०२२-२३ मध्ये ७४ टक्के होतं, पुढच्या वर्षी ८० टक्के. आकडा घसघशीत दिसतो, पण तो चाळणीतून पार झालेल्यांचा आहे हे ध्यानात ठेवावं.

उपायांचं तत्त्व सरळ आहे: दोष नसता तर तुम्ही जिथे असता तिथे शक्य तितकं नेऊन ठेवणं. राहिलेलं काम करा, चुकीने घेतलेले पैसे परत करा, माफी मागा, इतरांना तोच त्रास होऊ नये म्हणून पद्धत बदला. मनस्तापाची रक्कम प्रतीकात्मक असते, साधारणपणे ५०० पौंडांपर्यंत. अयोग्य तात्पुरत्या घरात राहावं लागलं तर महिन्याला १५० ते ३५० पौंड; मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ बी-अँड-बीमध्ये (लॉजसारख्या ठिकाणी) ठेवता येत नाही, आणि हा नियम मोडल्याच्या तक्रारी बऱ्याचदा टिकतात. शाळा बुडालेल्या मुलासाठी एका टर्मला ९०० ते २,४०० पौंड. कोर्टासारखी नुकसानभरपाई डोक्यात धरून गेलेल्यांना हे तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटतं. पण कोर्टात हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. इथे ती भीती नाही.

शिक्षणाबद्दल थोडं जास्त, कारण विशेष गरजा असलेल्या मुलांच्या तक्रारी इथल्या कामाचा फार मोठा भाग आहेत आणि सेवेची ताकद-मर्यादा दोन्ही तिथे उघड दिसतात. ईएचसी प्लॅनची, म्हणजे अशा मुलाला कोणती मदत द्यायची ते ठरवणाऱ्या कायदेशीर आराखड्याची, मागणी केल्यापासून अंतिम प्लॅनपर्यंत २० आठवडे ही कायद्याची मुदत. ती चुकली की दोष सिद्ध करणं सोपं: दोन तारखा पुरतात. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांचा तुटवडा ही काउन्सिलची सबब खरी असली तरी ऑम्बुड्समन त्याला सेवेतला दोष धरू शकतो. प्लॅनच्या एफ विभागात (शिक्षणातली मदत नोंदवणाऱ्या भागात) लिहिलेली स्पीच थेरपी मिळत नसेल, तर तेही इथलंच काम. मात्र प्लॅनमध्ये काय लिहिलं, कुठली शाळा दिली, याबद्दलचा वाद सेंड ट्रायब्युनलचा (विशेष शैक्षणिक गरजांच्या वादांच्या न्यायाधिकरणाचा). निर्णयाच्या पत्रापासून दोन महिने किंवा मीडिएशन (मध्यस्थी) सर्टिफिकेटपासून एक महिना, यांतली जी तारीख नंतर येईल ती तुमची मुदत. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे शाळेबद्दलचा वाद ट्रायब्युनलकडे गेला की त्या वादापायी बुडालेल्या शिक्षणाबद्दलही ऑम्बुड्समन बोलू शकत नाही, अपिलाचा हक्क मिळाल्यापासून अपिलाचा निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी. म्हणजे पालकांना तो काळ ना ट्रायब्युनल भरून देत ना हे. दोष ऑम्बुड्समनचा नाही, कायद्याचा आहे, पण फटका मुलालाच बसतो. म्हणून तक्रारीत अपिलाच्या हक्काआधीचा काळ आणि नंतरचा काळ वेगळा लिहावा. एकत्र कालवला की आधीचा हिस्साही धोक्यात येतो.

शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत. हे ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो, पण प्रत्यक्षात शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक शिफारशी काउन्सिल अमलात आणतात. नकार दिला किंवा प्रकरण गंभीर असलं तर सार्वजनिक अहवाल निघतो. त्याची जाहिरात काउन्सिलला वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि तीन महिन्यांच्या आत आपण काय करणार ते कळवावं लागतं. तरीही ऐकलं नाही तर दुसरा अहवाल, आणि शेवटी काउन्सिलच्याच खर्चाने वर्तमानपत्रात निवेदन. निवडणुका लढवणाऱ्यांना ही नामुष्की बरोबर समजते.

तक्रारीची जागा म्हणून याला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्यांच्या निर्णयांच्या संग्रहामुळे वाढला. बहुतेक निर्णय, नावं लपवून, ‘मिस्टर एक्स’, ‘मिसेस वाय’ अशा रूपात संकेतस्थळावर येतात, आणि काउन्सिल व विषयाप्रमाणे शोधता येतात. तक्रार लिहिण्याआधी आपल्यासारखी चार-पाच प्रकरणं वाचावीत: कुठला दोष धरला, किती रक्कम दिली, कुठल्या कारणाने तपास नाकारला. आपल्या काउन्सिलचं वार्षिक पत्र आणि शिफारशी पाळण्याचं प्रमाणही तिथेच आहे. स्टेज टूच्या पत्रात अशा एखाद्या निर्णयाचा क्रमांक दिला तर काउन्सिल बरेचदा तिथेच नमतं घेते, कारण पुढे काय होणार हे त्यांच्या तक्रार विभागाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

दीड तारा गेला वेगासाठी आणि तातडीच्या प्रकरणांत काहीच करता न येण्यासाठी. तपासाला महिने लागतात. उद्या घराबाहेर काढणार आहेत, बेलिफ (वसुली अधिकारी) दारात आहे, अशा वेळी ही सेवा निरुपयोगी. तिथे कोर्ट किंवा कायदेशीर मदत केंद्रच.

निर्णय विरोधात गेला तर महिनाभरात फेरतपासणी मागता येते, पण महत्त्वाचं तथ्य चुकलं किंवा नवा पुरावा आला एवढ्यावरच. त्यापुढे ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायदेशीर रीतीने झाला का याची हायकोर्टात तपासणी), तोही लवकरात लवकर आणि काही झालं तरी तीन महिन्यांत. त्याचा खर्च पाहता मोजकेच लोक जातात. निर्णय बाजूने लागला तर त्यात प्रत्येक शिफारशीपुढे मुदत लिहिलेली असते. त्या तारखा कॅलेंडरवर टाका. मुदत उलटली आणि पैसे किंवा माफीपत्र आलं नाही, तर काउन्सिलकडे खेटे घालू नका, ऑम्बुड्समनला कळवा. शिफारस पाळल्याचा पुरावा काउन्सिलने त्यांनाच द्यायचा असतो, आणि पाळली नाही तर ते त्या काउन्सिलच्या नावावर नोंदलं जातं.